पार्सलचा दर आणि पार्सलचा पडता खर्च



उसाचा जाहीर भाव वेगळा आणि तोडणी-वाहतूक वजा जाता हातात पडणारी रक्कम वेगळी, हे आपल्या सभासदाला कोणी शिकवायला नको. काट्यावरची पावती हातात आली की भरल्या गाडीचे वजन किती, रिकाम्या गाडीचे किती, पाचटापोटी काय गेले, हे तो बारकाईने पाहतो. मात्र हाच सभासद एखादे पार्सल पाठवायला गेला की खिडकीवरचा पहिला आकडा ऐकतो आणि "बरं, द्या पाठवून" म्हणून मोकळा होतो. पार्सलातही जाहीर दर वेगळा आणि पडता खर्च वेगळा असतो, हे तिथे ध्यानात येत नाही.

आता कोणी म्हणेल, शेतकऱ्याला पार्सलाशी काय करायचे आहे? पण जरा वर्षाचा हिशेब मांडून पाहा. मुलगा पुण्याला शिकायला, मुलगी नागपूरला नांदायला. त्यांना उन्हाळ्यात कुरडया-पापड आणि दिवाळीत फराळ जातो. पंपाचा सुटा भाग बाहेरगावाहून येतो. माती-पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत जातात. जमिनीच्या वाटणीची नोटीस, बँकेची कागदपत्रे, वारसाच्या नोंदीचे अर्ज, सगळे टपालानेच जाते. एकेका वेळेला पन्नास-शंभर रुपये म्हणजे काही नाही असे वाटते. पण थेंबे थेंबे तळे साचते तसे थेंबे थेंबे रिकामेही होते. शिवाय पैशापेक्षा मोठे नुकसान चुकीच्या मार्गाने पाठवण्यात होते. नोटीस पोचल्याचा पुरावा राहत नाही, किंवा पंपाचा भाग आवर्तन संपल्यावर हाती पडतो.

म्हणून या अंकात आम्ही हा विषय घेतला आहे. अमुक एकाकडूनच पाठवा असे सांगण्याचा हेतू नाही. हिशेब कसा करावा एवढेच सांगायचे आहे.

माल नेणारे कोण कोण

आपल्या नाशिक जिल्ह्यातून पार्सल पाठवायचे तर ढोबळ मानाने पाच वाटा आहेत.

पहिली वाट पोस्टाची. देशात सुमारे १ लाख ६४ हजार डाकघरे असून त्यांतील दहापैकी नऊ खेड्यांत आहेत. पोस्टाची खरी ताकद ही आहे. वाडी-वस्तीवर माणूस पोचतो आणि त्यासाठी वेगळा आकार पडत नाही.

दुसरी वाट कुरिअरची. शहरातून शहरात माल जायचा असेल तर ही सोयीची. मात्र खेड्यातला पत्ता असेल तर अनेक कुरिअर "आमची डिलिव्हरी तालुक्यापर्यंतच" असे सांगतात, किंवा आडमार्गाचा जादा आकार लावतात. हे आधीच विचारून घ्यावे.

तिसरी वाट एसटीची. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून एसटी हा खेड्याचा आधार आहे. स्टँडवरच्या पार्सल ऑफिसात माल दिला की तो गाडीबरोबर जातो. घरपोच मिळत नाही, समोरच्याने स्टँडवर येऊन घ्यावा लागतो. पण तातडीच्या सुट्या भागाला यासारखी वाट नाही. ट्रकभर मालासाठी महामंडळाने २०२० साली, टाळेबंदीच्या काळात, मालवाहतूकही सुरू केली. परंतु तो विषय पार्सलाचा नव्हे.

चौथी वाट रेल्वेची आणि पाचवी ट्रान्सपोर्ट कंपन्यांची. जड नग आणि लांबचा पल्ला असेल तर या दोन वाटा पाहाव्यात. त्यांचे पुढे सविस्तर पाहू.

वजन म्हणजे कोणते वजन?

सभासदांची सर्वांत जास्त फसगत होते ती येथे. सभासद घरी पार्सल तोलतो, सहा किलो भरते. कुरिअरवाला पावती करतो एकोणीस किलोची. मग खिडकीवर वाद होतो. पण त्यात लबाडी असतेच असे नाही.

गाडीत उसाऐवजी नुसते पाचट भरले तर काय होईल? गाडी शिगोशीग दिसेल, पण काट्यावर वजन भरणार नाही. वाहतूकदाराला मात्र डिझेल तेवढेच लागले आणि जागा तेवढीच अडली. पार्सल नेणाऱ्याचेही तेच आहे. त्याच्या गाडीत वा विमानात जागा मोजकी असते. म्हणून तो दोन वजने काढतो. एक काट्यावरचे आणि दुसरे आकारमानाचे. यांपैकी जे जास्त भरेल त्यावर पैसे घेतो.

आकारमानाचे वजन काढायची रीत सोपी आहे. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजावी, तिन्हींचा गुणाकार करावा आणि त्याला ५,००० ने भागावे. येईल ते किलो. बरेच कुरिअर हाच भाजक धरतात. कोणी वेगळा धरत असेल तर तो विचारून घ्यावा.

उदाहरण घेऊ. कुरडया-पापड एका मोठ्या खोक्यात भरले. खोके ६० सें.मी. लांब, ४० रुंद आणि ४० उंच. गुणाकार झाला ९६,०००. त्याला ५,००० ने भागले की १९.२ किलो. आत माल सहा किलोचा, पण पैसे १९ किलोंवर द्यावे लागणार! तेच कुरडया-पापड नीट रचून ४० बाय ३० बाय ३० च्या खोक्यात बसवले तर गुणाकार ३६,००० आणि वजन ७.२ किलो. माल तोच, गाव तेच, पण बारा किलोंचे भाडे वाचले. कुरडया मोडतील म्हणून मोठे खोके घेऊन त्यात रद्दी कोंबणे ही आपली जुनी सवय. ती सोडून खोके मालाबरहुकूम घ्यावे.

उलट लोखंडी भाग, बेअरिंग, पुस्तके, गूळ हे लहान आकाराचे पण जड नग. तिथे काट्याचेच वजन लागू होते, आकारमानाची धास्ती नाही.

एका ग्रॅमचे पंचवीस रुपये

हलक्या टपालात मात्र खेळ ग्रॅमचा आहे. स्पीड पोस्ट १ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झाले. त्याचे दर २०१२ नंतर बदलले ते थेट १ ऑक्टोबर २०२५ रोजी. त्या दिवशी कागदपत्रांसाठी जे दर लागू झाले त्यांतले आपल्या कामाचे असे (जीएसटी १८ टक्के वेगळा):

५० ग्रॅमपर्यंत: स्थानिक १९ रु., बाहेरगावी कोठेही ४७ रु.
५१ ते २५० ग्रॅम: स्थानिक २४ रु., २०० कि. मी.पर्यंत ५९ रु., २०१ ते ५०० कि. मी. ६३ रु., ५०१ ते १,००० कि. मी. ६८ रु., १,००१ ते २,००० कि. मी. ७२ रु., त्यापुढे ७७ रु.
२५१ ते ५०० ग्रॅम: स्थानिक २८ रु., पुढे वरच्याच टप्प्यांनी ७०, ७५, ८२, ८६ व ९३ रु.

या कोष्टकातून दोन गोष्टी दिसतात. पहिली अंतराची. आपल्या ऊस वाहतुकीत जसे किलोमीटरचे टप्पे असतात तसेच येथेही आहेत, पण हलक्या टपालात त्यांचा फरक थोडा पडतो. नाशिकहून पावकिलोचे पाकीट मुंबईला ५९ रुपयांत जाते आणि दिल्लीला ७२ रुपयांत. अंतर सहा-सात पट, पैसे मात्र तेराच जास्त. म्हणजे हलके आणि लांबचे टपाल पोस्टात स्वस्त पडते.

दुसरी गोष्ट वजनाच्या पायरीची. ५० ग्रॅमचे पाकीट दिल्लीला ४७ रुपयांत जाते. तेच ५१ ग्रॅम भरले की ७२ रुपये. एका ग्रॅमला पंचवीस रुपये! जाड खाकी पाकीट, प्लॅस्टिकची फाईल, जास्तीची कोरी पाने यांनीच हा ग्रॅम वाढतो. अर्ज पातळ पाकिटात घालावा. झेरॉक्स पाठपोट काढून चालत असेल तर तशी काढावी.

या दरांत विद्यार्थ्यांना १० टक्के सवलत ठेवलेली आहे. शिकणाऱ्या मुलांनी खिडकीवर ती मागून घ्यावी.

रजिस्टर गेले, मग पुरावा कसला?

जुन्या सभासदांना "रजिस्टर केले" म्हटले की निर्धास्त वाटे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात देशांतर्गत रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले. पूर्वी २० ग्रॅमच्या रजिस्टर पत्राला ५ रुपयांचे तिकीट आणि १७ रुपये नोंदणी, असे २२ रुपये व कर धरून २५ रुपये ९६ पैसे पडत. आता स्पीड पोस्टाचे ४७ रुपये आणि नोंदणीचे ५ रुपये असे ५२ रुपये, कर धरून ६१ रुपये ३६ पैसे. म्हणजे खर्च दुपटीहून वाढला, हे खरे आहे.

मग "त्यापेक्षा कुरिअर बरे" असे पुष्कळांना वाटू लागले आहे. साध्या कागदाला ते ठीक आहे. परंतु कायदेशीर नोटीस असेल तर थांबून विचार करावा. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम म्हणून जो १८९७ चा केंद्राचा कायदा आहे, त्याच्या कलम २७ मध्ये असे आहे की, जेथे कायद्याने टपालाने बजावणी सांगितली आहे तेथे बरोबर पत्ता घालून, पैसे भरून, रजिस्टर टपालाने पत्र पाठवले तर ते पोचले असे मानले जाते. पोचले नाही हे समोरच्याने सिद्ध करावे लागते. कुरिअरच्या पावतीला या कलमात अशी जागा नाही. भाऊबंदकीचा वाद, भाडेकरूला नोटीस, न वटलेल्या धनादेशाची नोटीस अशा कामांत वीस-पंचवीस रुपये वाचवायला जाऊन दावा अडचणीत आणणे शहाणपणाचे नाही.

तेव्हा अशा वेळी स्पीड पोस्ट करताना "नोंदणीसह" असे स्पष्ट सांगावे आणि ५ रुपये जादा भरावेत. नुसत्या स्पीड पोस्टाचे पाकीट त्या पत्त्यावर दिले जाते, तर नोंदणी केलेले पाकीट ज्याच्या नावे असेल त्याच्याच हाती देण्याची ही सोय आहे. पावतीवर नोंदणीचा आकार पडला आहे का ते तिथेच पाहावे. पावती आणि पोचल्याचा पुरावा नोटिशीच्या प्रतीला टाचून ठेवावा. आपल्या वकिलांचा सल्ला घेऊनच मार्ग ठरवावा, हे वेगळे सांगायला नको.

पुस्तकांची वाट निराळी

मुलांची पुस्तके पाठवायची असतील तर त्यांना स्पीड पोस्टात घालू नये. १ मे २०२५ पासून पोस्टाने "ज्ञानपोस्ट" नावाची सेवा सुरू केली आहे. शिक्षण, संस्कृती, धर्म अशा विषयांची छापील पुस्तके यातून जातात. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. अंतराची अट नाही. नाशिकहून निफाडला असो की गुवाहाटीला, दर तोच.

तुलनेसाठी सांगतो, २०२५ पूर्वीच्या स्पीड पोस्ट दराने पाच किलोचा नग नागपूरला धाडायचा तर पहिल्या अर्ध्या किलोला ६० रुपये आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला ३० रुपये, असे ३३० रुपये पडत. पुस्तकांची घाई नसेल तर वेगाचे पैसे का भरावेत? ज्ञानपोस्ट जमिनीवरून जाते, विमानाने नाही, त्यामुळे दिवस थोडे जास्त धरावेत. जाहिरातीचे कागद किंवा धंद्याचा माल यात चालत नाही.

एकत्र पाठवा

वरच्या जुन्या दरातच आणखी एक गोष्ट दडलेली आहे. तो दर आज लागू नाही, पण हिशेबाची रीत आजही तीच आहे. पहिला अर्धा किलो नेहमी महाग असतो आणि पुढचा स्वस्त. कारण पावती करणे, पिशवीत टाकणे, दारापर्यंत माणूस पाठवणे हा खर्च नगामागे एकदाच होतो.

दहा सभासदांनी मातीचे दहा नमुने, अर्ध्या अर्ध्या किलोचे, त्याच टप्प्यातल्या प्रयोगशाळेला वेगवेगळे धाडले असते तर दहा वेळा ६० म्हणजे ६०० रुपये झाले असते. तेच पाच किलोंचे एक पार्सल केले असते तर ३३० रुपये. म्हणजे जवळपास निम्मे. सहकार सहकार म्हणतो तो आणखी काय असतो? गटातल्या दहा-पंधरा जणांनी एक दिवस ठरवावा, नमुने एकत्र करावेत, प्रत्येक पिशवीत गट नंबर, नाव आणि पिकाची चिठ्ठी घालावी. चिठ्ठी ओलसर मातीला लागून पुसू नये म्हणून वेगळ्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवावी.

चार आण्याची कोंबडी

जड नगाला ट्रान्सपोर्ट स्वस्त, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. समजा, ४० किलोची मोटर दुरुस्त होऊन बाहेरगावाहून यायची आहे. ट्रान्सपोर्टवाला ८ रुपये किलो सांगतो, कुरिअरवाला २० रुपये किलो घरपोच सांगतो. (हे दर केवळ हिशेब समजावा म्हणून धरले आहेत.) ऐकताना ३२० आणि ८०० असा फरक दिसतो. पण ट्रान्सपोर्टच्या ३२० रुपयांत बिल्टीचे ५० घाला, दोन्ही टोकांची हमाली ६० घाला, आणि नाशिकच्या गोडाऊनपासून मळ्यापर्यंत टेंपोचे ३०० घाला. झाले ७३०. फरक उरला सत्तर रुपयांचा, आणि अर्धा दिवस मोडला तो वेगळाच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते यालाच!

पण तुमची गाडी तशीही खत आणायला नाशिकला जाणारच असेल, तर टेंपोचे ३०० वजा होतात आणि ट्रान्सपोर्टच स्वस्त पडते. म्हणजे एकच दर एका सभासदाला स्वस्त आणि दुसऱ्याला महाग पडू शकतो. म्हणून शेजाऱ्याने कसे पाठवले यावर न जाता आपला हिशेब आपण करावा.

ट्रान्सपोर्टने माल मागवताना भाडे "पेड" आहे की "टू-पे", म्हणजे पाठवणारा देणार की घेणारा, हे बिल्टीवर पाहावे. दोघांनीही दिले असे घडू नये.

पोस्टालाही हाच नियम लावावा. तालुक्याच्या गावी जाऊन येण्याचे पेट्रोल आणि मोडलेला वेळ हाही खर्चच आहे. गावच्या शाखा डाकघरात पार्सल घेतात का, किती वजनापर्यंत घेतात, हे आधी विचारावे. घेत असतील तर खेप वाचते.

रेल्वे: पल्ला लांब असेल तरच

रेल्वेची वाट कशी स्वस्त पडते आणि कशी पडत नाही, याचे मोठे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच घडले आहे. देशातली पहिली किसान रेल ७ ऑगस्ट २०२० रोजी आपल्या देवळालीहून निघाली. बिहारमधील दानापूरपर्यंत १,५१९ किलोमीटरचे अंतर ती सुमारे ३२ तासांत कापणार होती. पुढे फळे व भाजीपाल्याच्या भाड्यावर केंद्र सरकारचे ५० टक्के अनुदान मिळू लागले. तोवर ट्रकभर माल असल्याखेरीज बिहारच्या बाजाराचा विचारही न करणारा लहान शेतकरी काही पेट्यांचा माल पाठवू लागला. ही योजना अनुदानावर उभी होती. अनुदान असताना जो हिशेब जमतो तो अनुदान काढल्यावर पुन्हा मांडावा लागतो, एवढा धडा त्यातून घ्यावा.

आज नाशिकरोड स्थानकातून पार्सल पाठवायचे तर गाडी कोणत्या प्रतीची आहे यावर दर ठरतो. जलद गाडीचा दर चढा, साध्या गाडीचा कमी. दरात स्थानक ते स्थानक एवढीच वाहतूक असते. स्थानकापर्यंत नेणे आणि समोरच्या टोकाला सोडवून घेणे हे आपल्याकडे. पोचलेला माल मुदतीत उचलला नाही तर जागाभाडे चढू लागते. म्हणून समोरचा माणूस नक्की येणार असेल, वजन मोठे असेल आणि पल्ला पाचशे-हजार किलोमीटरचा असेल, तरच रेल्वेकडे वळावे.

उशीर झाला तर भरून कोण देणार?

उन्हाळ्याचे आवर्तन सुटले आहे आणि पंपाचा एक भाग तुटला आहे. स्वस्त वाटेने तो सहा दिवसांनी येणार, दोनशे रुपये जास्त देऊन दुसऱ्या दिवशी. येथे दोनशे रुपये वाचवणारा माणूस एकरी उसाचे पाणी घालवतो. अशा वेळी दराकडे पाहू नये, मुदतीकडे पाहावे. रात्रीच्या एसटीने पार्सल टाकून सकाळी स्टँडवरून घेतले तर पुष्कळदा काम भागते.

आणि कोणी म्हणेल, उशीर झाला तर नुकसानभरपाई घेऊ, तर त्याने पावतीची मागची बाजू वाचावी. तिथे बारीक टाइपात जबाबदारीची मर्यादा छापलेली असते. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल या खटल्यात हाच प्रश्न सोडवला. परदेशी धाडलेली कागदपत्रे वेळेवर न पोचल्याने कंपनीला मोठे नुकसान सोसावे लागले होते. पण सही केलेल्या पावतीवर जबाबदारी १०० डॉलरपुरती मर्यादित होती, म्हणून तेवढीच भरपाई न्यायालयाने कायम ठेवली. स्पीड पोस्टातही गहाळ झालेल्या नगाला भरलेल्या शुल्काची दुप्पट किंवा १,००० रुपये, यांपैकी जे कमी ते, असाच नियम वर्षानुवर्षे होता.

याचा अर्थ असा की, पार्सलात पाच हजारांची वस्तू असो की पन्नास हजारांची, विमा न करता पाठवली तर भरपाई साधारणपणे नाममात्र असते. किमती वस्तूचा विमा उतरवावा आणि त्याचा आकार खर्चात धरावा. दागिने, रोकड, मूळ सातबारा-खरेदीखत असे कागद पार्सलात घालूच नयेत. कीटकनाशके, पेट्रोल-रॉकेल, फटाके असा पेट घेणारा वा विषारी माल टपालात व कुरिअरमध्ये चालत नाही. तो लपवून घालणे गुन्ह्याला निमंत्रण होय.

परदेशचा फराळ

आपल्या गावांतली मुले आता अमेरिका, दुबई, ऑस्ट्रेलियापर्यंत गेली आहेत. त्यांना फराळ पाठवताना भाड्याइतकाच तिकडच्या कराचा आणि नियमांचा विचार लागतो. २०२५ साली अमेरिकेने लहान पार्सलांवरची करमाफी काढून घेतली. त्यामुळे भारतीय पोस्टाला २५ ऑगस्टपासून तिकडची बहुतेक पार्सले थांबवावी लागली. १५ ऑक्टोबरला, म्हणजे दिवाळी चार-पाच दिवसांवर आली असताना, सेवा पुन्हा सुरू झाली आणि तिकडचा कर इकडेच भरून घेण्याची सोय झाली. हे नियम वारंवार बदलतात. म्हणून दसऱ्याच्या आधीच पोस्टात आणि दोन-तीन कुरिअरवाल्यांकडे भाडे, तिकडचा कर आणि न चालणारे पदार्थ या तिन्हींची चौकशी करावी. खव्याचे व दुधाचे पदार्थ अनेक देशांत अडतात. एका डब्यामुळे सारे पार्सल अडकण्यापेक्षा तो डबा न घातलेला बरा.

पत्ता आणि पिन

सर्वांत स्वस्त पार्सल म्हणजे पहिल्या फेरीत पोचणारे पार्सल. त्यासाठी पिन कोड बिनचूक हवा. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली आणि ती बसवणारे अधिकारी होते श्रीराम भिकाजी वेलणकर, आपल्याच महाराष्ट्राचे आणि संस्कृतचे कवी. सहा आकड्यांतील पहिले तीन टपाल कोठे वाटायला न्यायचे ते सांगतात, शेवटचे तीन डाकघर. आपल्या जिल्ह्यात नाशिक, निफाड, दिंडोरी भागाला ४२२ लागतो, तर मालेगाव-मनमाडकडे ४२३. "जिल्हा नाशिक" म्हणून सरसकट ४२२ घातला तर पार्सल भलतीकडे जाऊन परत येते. एकाच नावाची गावे पुष्कळ असल्याने तालुका लिहावा. खेड्यात आडनावापेक्षा वस्तीचे नाव आणि फोन नंबर जास्त उपयोगी पडतो.

पाठवण्यापूर्वी सहा प्रश्न

सभासदांनी खालील प्रश्न कात्रण करून भिंतीवर लावावेत.

१. काट्याचे वजन किती आणि खोक्याच्या मापाचे किती? जास्त कोणते?
२. वस्तू कोणत्या जातीची? पुस्तके, कागद, खाऊ की लोखंड? त्या जातीला वेगळा सवलतीचा दर आहे काय?
३. समोरच्या गावात घरपोच मिळते की जाऊन आणावे लागते? आणण्याचा खर्च किती?
४. किती दिवसांत पोचायला हवे? उशीर झाला तर आपले किती बुडेल?
५. पोचल्याचा पुरावा उद्या कोणाला दाखवावा लागेल काय?
६. हरवले तर भरपाई किती? विमा हवा काय?

या सहांची उत्तरे मिळाली की दोन ठिकाणी दर विचारावा. जीएसटी, बिल्टी, हमाली, टेंपो, पेट्रोल सगळे मिळवून एकच आकडा काढावा आणि मग दोन आकड्यांची तुलना करावी. दर बदलत राहतात. वर दिलेले पोस्टाचे दर १ ऑक्टोबर २०२५ चे आहेत, तेव्हा पाठवण्याच्या दिवशी खिडकीवर खात्री करून घ्यावी. हिशेबाची रीत मात्र बदलत नाही.

वजनकाट्यावर ज्या डोळसपणाने आपण उभे राहतो, त्याच डोळसपणाने पार्सलच्या खिडकीवर उभे राहावे, एवढीच सभासदांस विनंती.